खोकल्याची हदीस

मी हदीस शिकवायचो. हे बोल पैगंबरांचे म्हणून कुणी सांगितले, त्याला कुणी सांगितले, त्यातला भरवशाचा कोण आणि थापाड्या कोण, हे तपासण्यात माझे केस पांढरे झाले. विद्यार्थी पाठीमागे मला 'चाळण' म्हणत. म्हणेनात का. हदीस सांगताना एकदा खोटं बोलला, की त्या माणसाचं पुढचं काहीच धरायचं नाही, हा नियम मी टेबलावर हात आपटून सांगायचो.

भाई, माझा थोरला भाऊ, गाद्या भरायचा. कापूस पिंजून पिंजून त्याची छाती कामातून गेली. त्याच पिंजणीवर मी शिकलो आणि परगावी नोकरीला लागलो. सुट्टीत यायचो तेव्हा बघायचो, भाई मशिदीत येतो पण ओळीत उभा राहत नाही. बाहेर चपलांच्या मांडणीपाशी एकटाच असतो. वाऱ्याला बसत असेल, असं मी तीस वर्षं धरून चाललो. विचारायची तसदी घेतली नाही.

यंदा निवृत्त होऊन घरी आलो. डॉक्टर म्हणाला, यांना गार फरशीवर बसू देऊ नका, फार दिवस नाहीत. भाई नको नको म्हणत असताना मी त्याला हाताला धरून आत नेलं. कमिटीचा अध्यक्ष, टाइल्सचा दुकानदार, पुढे आला. त्याने भिंतीवरच्या नव्या पाटीकडे बोट दाखवलं. 'जमातीच्या एकत्र नमाजेत खोकणाऱ्यामुळे मागच्या ओळीची नमाज वाया जाते. हदीस.'

भाई मान खाली घालून बाहेर गेला. माझं डोकंच फिरलं.

"कुठल्या पुस्तकात आहे ही? मी सगळी पालथी घातलीत, एकातही नाही."

"मग तसं लेखी द्या, मौलाना," अध्यक्ष म्हणाला. "आणि कुणी घुसडली तेही लिहा."

मागणी रास्त होती, माझीच पद्धत होती ती. अध्यक्षाने ती हदीस बांग देणाऱ्या म्हातारबाबांकडून ऐकली होती. म्हातारबाबा वजूला हातपाय धुवायच्या नळाचा वायसर बदलत होते. "मला तुमच्या भाईनेच सांगितली," ते म्हणाले. "आत का येत नाहीस म्हणून विचारलं, तेव्हा."

घरी भाई उशीला टाके घालत होता. तुला कुणी सांगितली, असं मी विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच," तो सुई न थांबवता म्हणाला. "शिकून आलास, शुक्रवारी पहिल्यांदा बोलायला उभा राहिलास. मी पुढेच बसलो होतो. घरी आल्यावर दारातच सांगितलंस."

आठवलं. त्या दिवशी माझे उस्ताद ऐकायला आले होते. भाईच्या केसांत कापूस होता, आणि तो खोकून खोकून वाकला होता. हा माझा भाऊ आहे हे त्यांना कळू नये, असं मला वाटलं होतं. पुढच्या वेळी मागे बस, एवढं म्हणायला जीभ धजली नाही, म्हणून मी पैगंबरांचं नाव घेतलं. आणि विसरूनही गेलो, मेल्या जिभेचा मी.

"भाई, ते खोटं होतं. मी रचलं होतं. मला तुझी लाज वाटली होती."

त्याने सुई थांबवली. "माझी कीव येते म्हणून असं बोलतोस," तो म्हणाला. "दीनाच्या, धर्माच्या बाबतीत तू खोटं बोलणार नाहीस." आणि पुढचा टाका घातला.

मी कागदावर लिहिलं: बनावट. रचणारा, खाली सही करणारा. अध्यक्षाने ते दोनदा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती, असती तर बरं झालं असतं.

"तुमच्याच वर्गात शिकलाय माझा भाऊ," तो म्हणाला. "एकदा खोटं बोलला त्याचं पुढचं धरायचं नाही, हा तुमचाच नियम ना? मग हे तरी कसं धरू?"

कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. पाटी तशीच राहिली.

दुपारच्या नमाजला मी आत गेलो नाही. चपलांच्या मांडणीपाशी भाईच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने मला कोपराने हलकेच ढोसलं.

"तू आत जा," भाई म्हणाला. "तुला कुठे खोकला आहे?"