न ऐकता मिळालेल्या जागा

मित्रांनो, ज्या खोलीत मी असतो तिथली सर्वांत जास्त जागा मी अडवतो आणि सर्वांत कमी बोलतो. असं एखादं माणूस तुमच्याही घरी असेल. पण मी माणूस नाही. मी एक जुना डबल बेस आहे. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. ते पोटभर जेवलं, उंच वाढलं आणि निवृत्तीला आलं, की जसं दिसेल तसा मी दिसतो. मला उभं धरून गजाने वाजवतात. वाजवणारा बुटका असेल तर लांबून लोकांना वाटतं, मीच त्याला वाजवतोय.

ज्या कारागिराने मला घडवलं त्याने इतका वेळ घेतला की ज्याने मला मागवलं होतं त्याने दरम्यान संगीत सोडून विम्याचं काम धरलं. मग मी एका बँडमध्ये लागलो. लोक माझ्या ठेक्यावर नाचायचे आणि टाळ्या गाणाऱ्या बाईला द्यायचे. पुढे बँड मोडला आणि मी एका शाळेच्या संगीताच्या खोलीत कपाटाशेजारी उभा राहिलो. मुलं माझ्या मानेला दप्तरं अडकवत. कौतुक आणि उपेक्षा यांत माझ्या बाबतीत कधीच फार अंतर नव्हतं. कौतुक करणारे म्हणत, ‘‘बाप रे, केवढा मोठा!’’ उपेक्षा करणारेही तेच म्हणत, फक्त कपाळाला आठ्या घालून.

एके दिवशी संगीताच्या सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि विचारलं, ‘‘सगळ्यांत उंच कोण? तू? ये, याला धर.’’ एवढीच त्या मुलीची निवड. ती उंच होती म्हणून वर्गात तिला शिडी म्हणत. तिने मला धरलं, आणि मग सोडलंच नाही. शाळेने संगीताची खोली बंद केली तेव्हा मी तिच्याच घरी राहायला गेलो. तिचे बाबा सरकारी लिफ्ट-तपासनीस. आई शस्त्रक्रिया विभागात परिचारिका. शिडी एकुलती एक. म्हणून मी आल्यापासून आई मला ‘थोरला’ म्हणू लागली. ‘‘थोरल्याला पांघरूण घातलं का गं?’’ असं ती रोज झोपण्यापूर्वी विचारायची. थट्टेत विचारायची, पण उत्तर मिळेपर्यंत दिवा मालवायची नाही.

शिडीची शाळा संपली आणि आम्ही चौघे संगीत महाविद्यालयं बघायला निघालो. माझी मान गाडीच्या पुढच्या दोन सीटांमधून बाहेर, डोकं बाबांच्या कानापाशी. शिडी माझ्या पोटाशेजारी उरलेल्या जागेत, गुडघे हनुवटीला लावून.

पहिलं महाविद्यालय सगळं काचेचं होतं. एक विद्यार्थी उलटा चालत पालकांना इमारत दाखवत होता. बाबांनी लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, आतली तपासणीची तारीख वाचली आणि खूश झाले. आईने इमारत पाहिलीच नाही. ती विद्यार्थ्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघत होती.

विभागप्रमुख आम्हाला बघून खुर्चीतून उठले. आम्हाला म्हणजे मला.

‘‘अरे वा, डबल बेस! स्वतःचा?’’

‘‘हो,’’ शिडी म्हणाली.

‘‘म्हणजे येताना घेऊनच येशील?’’

‘‘हो, पण मी आधी वाजवून...’’

‘‘वाजव, वाजव की!’’

तिने सुरुवात केली. पानभरही झालं नसेल, तोच साहेबांचा फोन वाजला. ‘चालू दे’ अशी बोटाने खूण करत ते खिडकीशी गेले. परत आले तेव्हा ती थांबलेली होती. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

‘‘सुंदर! जागा पक्की समज. अहो, आमच्या वाद्यवृंदाला डबल बेसच नाही. खालचा मजला नसलेल्या घरासारखं झालंय.’’

गाडीत बसल्या बसल्या बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. ‘‘घेतलं! आणि लिफ्ट काय आहे! मांजर बसावं तशी थांबते.’’

‘‘बाबा, त्यांनी ऐकलं नाही.’’

‘‘न ऐकता घेतलं! ऐकून काय, कोणीही घेतं.’’



दुसरं महाविद्यालय जुनं होतं. सरावाच्या खोल्या तळघरात, आणि बाहेर आपापल्या वाद्याला टेकून झोपलेली मुलं. बोटांना चिकटपट्ट्या लावलेली एक मुलगी मला बघून ताडकन उठली.

‘‘तू डबल बेस? देवासारखी आलीस! तीन वाद्यवृंद, दोन बँड आणि एक नाटक, सगळीकडे मी एकटी. तू आलीस तर मी झोपेन. ये ना गं!’’

‘‘तू जेवलीस कधी?’’ आईने तिला विचारलं. तिला पटकन आठवेना.

‘‘हे वाद्य शिकवणारे सर कुठे आहेत?’’ शिडीने कचेरीत विचारलं.

‘‘आहेत की. तो काय फोटो. दौऱ्यावर असतात; आले की शिकवतात.’’

त्यांच्या जागी ट्रॉम्बोन नावाचं लांबलचक पितळी वाद्य शिकवणारे सर बसले होते. भला माणूस. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘छान,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे मला छान वाटलं. तारांच्या वाद्यातलं मला काही कळत नाही. पण जागा आहे, घेऊन टाक. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळव.’’ पहिल्यांनीही तेवढीच मुदत दिली होती. महाविद्यालयं एकमेकांवर लक्ष ठेवून असतात.

निघताना सर बाबांना म्हणाले, ‘‘या उन्हात गाडीतून नेताय? मग तारा जरा सैल करा. लाकूड बिचारं ताणाखाली असतं.’’

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभा होतो. शिडी पलंगाच्या काठावर बसली होती.

‘‘आई, मला वाजवता येतं का गं?’’

‘‘हे काय विचारणं? येतंच.’’

‘‘तू आई आहेस.’’

‘‘मग कोणाला विचारू? शेजाऱ्यांना? ते विचारतात, बंद कधी करते.’’

शिडी हसली नाही. ‘‘मी उंच म्हणून मला हा मिळाला. आता हा आहे म्हणून मला जागा मिळतेय. या सगळ्यात मी कुठे आहे? मला येत नसेल तर तसं सांगा ना कोणीतरी! येत असेल तर तसं सांगा. चार वर्षं, मग अख्खं आयुष्य, आणि कोणी एकदा बसून ऐकायलाही तयार नाही.’’

‘‘उद्या तिसरं बघायचंय अजून.’’

‘‘उद्या तिसऱ्यांनीही असंच घेतलं, तर मी कुठेच जाणार नाही. आणि याला पुन्हा हात लावणार नाही.’’

रडत बोललेलं आई फारसं मनावर घेत नसे. विभागात तिने पुष्कळ रडणारे पाहिले होते. शिडी रडत नव्हती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. न्हाणीघरात नळ सोडलेला होता आणि बाबा दात न घासता आरशासमोर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सकाळी ते मला एकटेच खाली घेऊन आले. त्यांना तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि हाताशी मी होतो. त्यांनी माझ्या खुंट्या पिळायला सुरुवात केली. सर ‘जरा’ म्हणाले होते. बाबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट जरा केलेली नव्हती. चारही तारा त्यांनी अशा सैल केल्या की त्यांवर कपडे वाळत घालावेत. मग माझ्यावर खोळ चढवली, वरून ओला टॉवेल टाकला आणि समाधानाने गाडी सुरू केली.

मित्रांनो, माझ्या आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक काठी उभी असते. तिला डिंक नाही, खिळा नाही. तारा वरून दाबतात म्हणून ती उभी राहते. तारा सुटल्या की ती केव्हाही पडू शकते. ती पडली की माझा आवाज गेला. आणि तशात कोणी तारा पुन्हा आवळल्या तर माझं पोट फुटायचं.

पहिल्याच गतिरोधकावर टक असा आवाज झाला.

‘‘काय पडलं?’’ आई दचकली.

‘‘बाटली असेल,’’ बाबा म्हणाले.

पुढचा सबंध रस्ता प्रत्येक वळणावर ती काठी माझ्या पोटात गडगडत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण डबल बेस ओरडला की माणसांना वाटतं, गाडीतलंच काहीतरी खिळखिळं झालंय.

तिसऱ्या महाविद्यालयात लिफ्टच नव्हती. बाबांनी मला खांद्यावर घेऊन जिने चढवले. बंद दाराबाहेरच्या बाकाशी शिडीने माझी खोळ काढली, मला जरा कलतं केलं, आतला गडगडाट ऐकला आणि ती मटकन जमिनीवर बसली.

‘‘तारा कोणी सोडल्या?’’

‘‘मी. ऊन होतं ना, आणि ते सर म्हणाले, जरा...’’

‘‘बाबा, आतली काठी पडली.’’

‘‘उभी करू की लगेच! कुठे आहे? हात जाईल ना?’’ आणि त्यांनी माझ्या पोटावरच्या फटीत बोटं घातली.

आईने त्यांचं मनगट पकडलं. ‘‘अहो, हात काढा बाहेर. आतलं दिसत नसताना पोटात हात घालत नाहीत.’’

बाबा बाकावर बसले. ‘‘लिफ्टचा दोर एवढा सैल दिसला तर मी लिफ्टला सील ठोकतो गं,’’ ते म्हणाले. ‘‘जन्मभर तेच करत आलो. आणि इथे माझ्याच हाताने...’’ शिडी माझ्या सैल तारांकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

दार उघडलं. चष्मा कपाळावर आणि गार झालेला चहा हातात, अशा एक वयस्क बाई बाहेर आल्या. हे वाद्य त्याच शिकवत.

‘‘पुढे कोण?’’ मग त्यांनी मला पाहिलं. ‘‘हा आज उठत नाही. आत आमचे दोन आहेत. एक वाईट, दुसरा फारच वाईट. कुठला देऊ?’’

शिडीने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि गज उचलला. ‘‘नुसता वाईट चालेल,’’ ती म्हणाली आणि आत गेली. मी बाहेर राहिलो. असं याआधी कधी झालं नव्हतं.

मित्रांनो, इतकी वर्षं ती माझ्यावर वाजवत होती, पण मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आपल्याच पोटात चाललेलं आपल्याला कुठे ऐकू येतं? आत नुसता थरथराट असतो. आता दाराच्या या बाजूला आडवा पडून मी पहिल्यांदा ऐकू लागलो. पहिला सूर घसरला. दुसरा चाचपडत आला. परकं लाकूड, परक्या तारा, बोटांना जागा सापडत नव्हत्या.

‘‘थांब,’’ बाईंचा आवाज आला.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

‘‘पुन्हा. तिथूनच.’’ ‘‘गाडी चुकतेय का तुझी? पुन्हा.’’ ‘‘गज ओढतेस की अंगण झाडतेस? खांदा सोड. हां. आता स्वतः ऐक. पुन्हा.’’

‘‘फार बोलतायत हो तिला,’’ आई कुजबुजली.

बाबांनी डोळे उघडले. ‘‘ऐकतायत,’’ ते म्हणाले.

खूप वेळाने एक खालचा सूर आला. तो इतका लांब आणि इतका सरळ आला की फरशीतून चढून माझ्या पोटात पडलेल्या काठीपर्यंत पोहोचला. आपल्याशिवाय ती असं वाजवू शकते, हे कळून मला काय वाटलं ते सांगत नाही. आई मात्र माझ्या खोळीची चेन उगाचच लावत-काढत बसली होती.

शिडी बाहेर आली तेव्हा तिचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

‘‘काय म्हणाल्या?’’

‘‘डावा हात बरा आहे म्हणाल्या. उजवा कोणी शिकवलेलाच नाही. तो मोडून पहिल्यापासून बसवावा लागेल. पण कान आहे म्हणाल्या.’’

‘‘अगं, घेतलं का?’’

‘‘जागा एक आहे. अजून चौघांना ऐकायचंय. कळवतील.’’ ती बाबांजवळ बसली. ‘‘बाबा, त्या दोघांना नाही म्हणून कळवा.’’

‘‘वेड लागलंय का? हातातल्या दोन जागा!’’

‘‘त्या माझ्या नाहीत. थोरल्याच्या आहेत. हवं तर त्याला पाठवा.’’

‘‘इथे नाही झालं तर? कुठेच नसशील तू!’’

‘‘नसेन.’’

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘‘अहो, करा फोन.’’ त्यांचा नंबर दोनदा चुकला. ‘‘नमस्कार. हो, मुलीचा बाप बोलतोय. नाही, ती येत नाहीये. ...नाही हो. डबल बेसही येत नाहीये.’’ दोन्ही ठिकाणी तेच दुसरं वाक्य त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

आज मी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उताणा पडलो आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आई कामावरून परतताना रोज मला बघायला येते आणि दुरुस्तीवाल्याला घरचं सांगते. बाबांनी म्हणे दाराच्या चौकटीत एक तार ताणून बसवली आहे, आणि शिडी तिच्यावर दिवसभर नुसता उजवा हात घासते. आवाज असा येतो की शेजारी माझी मायेने आठवण काढतात. बाबा रोज सकाळी त्या तारेचा ताण बोटाने तपासतात. जेवताना दाराची घंटा वाजली तरी तिघांचे घास थांबतात. बाईंनी नाही म्हटलं तर पुढे काय, हे शिडी सांगत नाही आणि तिला विचारायची कोणाची छाती होत नाही.

मित्रांनो, आम्हाला उन्हापासून, धुळीपासून जपा, हे मी सांगायला नको. तुम्ही भली माणसं आहात. माझी विनंती उलटी आहे. माया दाटून आली की आमच्या खुंट्यांना हात लावू नका. आमच्या आत काय कशाच्या जोरावर उभं आहे, ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही. आणि घरातल्या कोणी विचारलं, ‘मला येतं का?’, तर घाईघाईने ‘येतंच’ म्हणून मोकळे होऊ नका. समोर बसा. वाजव म्हणा. शेवटपर्यंत ऐका, आणि जे ऐकलं तेच सांगा. मग ती मुलगी तुमच्याशी आठ दिवस बोलली नाही तरी चालेल.