दिनकररावांचं दुसरं जेवण

दिनकररावांनी बीटची कोशिंबीर तिसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा उषाताईंना हातातला घास नकोसा झाला.

मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये रविवारचं जेवण चाललं होतं. अभिराम आणि प्रांजली नुकतेच शिंदे की छावनी ह्या जुन्या वस्तीतलं घर सोडून सिटी सेंटर ह्या नव्या भागात राहायला आले होते. टेबलावरचे पदार्थ रोजचेच होते, पण प्रांजलीनं ते काय मांडले होते! पांढऱ्या वाडग्यात गुलाबी कोशिंबीर, हिरव्यागार पालकाच्या वरणावर लाल मिरचीची फोडणी, भोपळ्याच्या पिवळ्या भाजीवर खोबऱ्याचा कीस.

"वा! बघूनच भूक लागते," दिनकरराव म्हणाले.

उषाताईंच्या स्वयंपाकाला त्यांनी लग्नापासून आजवर असं काही म्हटलं नव्हतं. घरी ते मान खाली घालून भराभर जेवत आणि हात धुवायला उठत. ह्या माणसाला खाण्यातलं काही कळतच नाही, असं उषाताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे कळत होतं तर. फक्त सुनेच्या घरी कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या बाजारात गेल्या आणि बीट, गाजरं, लाल कोबी घेऊन आल्या. सराफ्याजवळच्या दुकानातून पांढरे वाडगेही आणले. टोमॅटोचं फूल करताना बोट कापलं, तरी केलं. दिनकरराव ताटावर बसले. उषाताई तव्यावरचा फुलका फुगवून थेट त्यांच्या पानात टाकत होत्या, नेहमीसारखाच. ते नेहमीसारखेच भराभर जेवले.

"कसं झालंय?"

"छान, छान," ते म्हणाले आणि उठले. टोमॅटोचं फूल तसंच राहिलं.

तिच्याकडे तीनदा मागितलं आणि मला दोनदा नुसतं छान! उषाताईंनी ते फूल कचऱ्यात टाकलं. प्रांजलीचा फोन आला, तो उचलला नाही. शेजारी कुणी सुनेचं कौतुक केलं की त्या म्हणत, "हो, सजवता छान येतं तिला. हॉटेलसारखं."

दुपारी दिनकरराव "जरा चक्कर मारून येतो" म्हणून बाहेर पडत. एका दुपारी ते असेच गेले असताना अभिरामचा ऑफिसमधून फोन आला.

"आई, बाबांचा चष्मा काल आमच्याकडेच राहिला. शोधत बसतील, म्हणून म्हटलं सांगावं."

"काल? काल कुठे आले होते ते?"

अभिराम घुटमळला. "येतात ना कधीकधी. प्रांजली दुपारी घरूनच काम करते, तेव्हा जेवायला... तुला माहीत नाही?"

उषाताईंनी फोन ठेवला, साडी बदलली आणि सवाऱ्यांचा टेम्पो पकडून सिटी सेंटर गाठलं. वाटेत त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. आपल्या हातचं घाईघाईनं उरकणारा नवरा तिकडे चवीचवीनं जेवतोय.

प्रांजलीनं दार उघडलं आणि ती दचकलीच, घाईत तोंडून हिंदीच निघालं. "आई! आइए ना... म्हणजे, या ना."

दिनकरराव टेबलाशी बसले होते. समोर हिरव्या मटारांचा भात, कडेला गाजराच्या लाल काचऱ्या, आणि प्रांजलीचं अर्धं झालेलं ताट.

"घरचं पुरलं नाही वाटतं," उषाताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरच्या डब्यातल्या पोळीला हात लावला. "आणि ह्या? गार! मी आयुष्यभर तव्यावरून काढून वाढलं, आणि तुम्ही इथे गार पोळ्या खायला येता?"

"आई, चूक माझी आहे, मीच बाबांना..."

"तू थांब, प्रांजली," दिनकरराव म्हणाले. त्यांनी घास ताटात ठेवला. "उषा, तू फुलका घेऊन उभी असतेस. मी उठल्याशिवाय तू जेवत नाहीस. तू उपाशी उभी, आणि मी कसा रमतगमत जेवू? म्हणून उरकतो. इथे ही सगळं आधी करून ठेवते आणि समोर बसते. बोलता बोलता जेवण होतं."

उषाताईंचा सगळा अभिमान त्या गरम फुलक्यात होता.

"मग इतकी वर्षं बोलायला काय झालं होतं?" त्यांचा आवाज चिरकला.

"एकदा म्हटलं होतं, बस माझ्याबरोबर. तू म्हणालीस, फुलका गार होईल."

उषाताईंना ते आठवत नव्हतं, पण आपण तसंच म्हटलं असणार, हे त्यांना ठाऊक होतं. प्रांजलीनं तिसरं ताट मांडलं. त्या बसल्या, पण सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. मटारभात चांगला झाला होता. त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी उषाताईंनी पोळ्या करून डब्यात झाकून ठेवल्या, गॅस बंद केला आणि स्वतःचं ताट नवऱ्याच्या समोर मांडलं. हात सारखा तव्याकडे जायला बघत होता. दिनकररावांनी पोळीचा तुकडा मोडला, कोशिंबिरीला लावला, सावकाश चावला.

"बरी लागतेय?"

"मस्त. फक्त प्रांजली ह्यात डाळिंबाचे दाणे घालते."

उषाताईंच्या कपाळावरची शीर ताठली. "मग जा तिच्याकडेच!"

दिनकरराव मोठ्यानं हसले. उठले मात्र नाहीत. त्यांनी आणखी थोडी कोशिंबीर वाढून घेतली आणि उषाताईंच्या ताटातही वाढली. उषाताईंनी ती खाल्ली. डाळिंब घातलं असतं तर खरंच बरं झालं असतं, हे त्यांना पहिल्याच घासाला कळलं, आणि ते त्या कुणालाही सांगणार नव्हत्या.