चौदा प्रश्नांतलं तेल

पाच वर्षांत चौदा प्रश्न. आसावरीनं आकडा तीनदा तपासला, तिन्ही वेळा तो चौदाच भरला. तेव्हा निवडणुकीच्या प्रचारपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो मोठ्या टायपात टाकायला तिची काही हरकत नव्हती. 'मच्छीमारांच्या इंधनासाठी लोकसभेत चौदा प्रश्न.' विरोधी बाकावरच्या माणसाच्या हातात सरकार नसतं, खातं नसतं. त्याला विचारता येतं, तेवढंच. खासदार चंद्रकांतसाहेबांनी विचारलं होतं, आणि त्यांनी जे जे विचारलं ते आसावरीनं लिहिलेलं होतं.

साहेब किनाऱ्याकडचे. अधिवेशन नसलं की त्यांचा मुक्काम मतदारसंघात, आणि कागदपत्रांचं काम बेंगळुरात, जयनगरातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर. कारवारकडून येणारी बरीचशी पत्रं मराठीत असत, तिकडच्या जुन्या मराठी शाळांतून चार-पाच इयत्ता शिकलेल्या हातांची. कचेरीत कन्नड आणि इंग्रजी जाणणारे चौघे होते, पण ते अक्षर कुणाला लागत नसे. साहेबांचे सचिव वासुदेवराव स्वतः इथल्या जुन्या मराठी घरातले. पण त्यांची मराठी बोलण्यापुरती, लिहिणं-वाचणं सगळं कन्नडात. म्हणून त्यांनी आपल्या ओळखीतल्या घरची ही मुलगी आणली. बीएस्सी, रसायनशास्त्र, पहिला वर्ग. पत्र वाचायचं, ते मिळाल्याची दोन ओळींची पोच धाडायची, त्यातलं मागणं शोधायचं आणि इंग्रजीत प्रश्नाचा मसुदा करायचा. साहेब त्यावर सही करत आणि तो दिल्लीत दाखल होई. सगळे प्रश्न अतारांकित, म्हणजे उत्तर लेखी येणार, सभागृहात कुणी उठून काही बोलणार नाही. आसावरीला ते आवडायचं. गडबड नाही, भाषण नाही. प्रश्न, त्याखाली उत्तर, त्याखाली तारीख. प्रयोगवहीसारखं.

शहाण्णवच्या त्या मार्चात शेवटचं अधिवेशन संपलं होतं आणि निवडणूक तोंडावर आली होती. पुस्तिकेची कन्नड आवृत्ती छापून झाली होती. तिच्यात नुसते आकडे आणि फोटो होते. किनाऱ्यासाठीची मराठी आवृत्ती आसावरीनं केली होती आणि तिच्यात चौदाही प्रश्न पूर्ण दिले होते. तिची तपासायची मुद्रितं टेबलावर होती. संध्याकाळी पाचला छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता.

सकाळी दहाच्या सुमारास जिन्यावर जड पावलं वाजली आणि साठीचा एक माणूस दारात उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आपण देवाप्पा, असं त्यानं सांगितलं, आणि आसावरी खुर्चीतून उठलीच. पाच वर्षं ज्याची पत्रं वाचली तो हा. छोट्या दोण्यांच्या, म्हणजे होड्यांच्या, संघाचा सेक्रेटरी, वेलांटी नेहमी उलटी काढणारा. देवाप्पालाही तिला बघून गंमत वाटली. त्याला वाटलं होतं, पोच लिहिणारी ही बाई चांगली चष्मेवाली, पिकल्या केसांची असेल.

"तू तर आमच्या नातीएवढी, बाय," तो म्हणाला, आणि पिशवी पायाशी ठेवून बाकावर टेकला.

तो इंजिनाचा एक भाग घ्यायला बेंगळुरात आला होता. तो मिळाला की चारला परत इथं यायचं आणि रात्रीची गाडी पकडायची, असा त्याचा बेत होता. चारला मात्र तिनं एक काम करायचं. साहेबांनी दिल्लीत जे विचारलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. संघात एकशेसाठ माणसं होती. त्यांना नेऊन सांगायचं होतं, आणि ऐकीव नाही, कागदावरचं सांगायचं होतं.

पिशवीला वास येत होता. आसावरीला तो लगेच ओळखू आला; कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियम ज्या बाटलीत बुडवून ठेवत त्या बाटलीचा. तिनं विचारलं, बरोबर स्टोव्ह आणलाय का.

"स्टोव्ह कशाला? इंजिनाचा वास तो. सुरू करायला थोडं पेट्रोल, मग तेलावर चालतं. धुतलं तरी जात नाही."

"तेलावर म्हणजे डिझेलवर ना?"

देवाप्पा हसला. शहरातल्या मुलीनं मासा कुठल्या बाजूनं खातात असं विचारावं, तसं हसला. डिझेल त्या मोठ्या ट्रॉलरांना, तो समजावू लागला, आमचे मासे खरवडून नेणाऱ्या. आमच्या दोणीला मागं लावायचं इंजिन असतं, छोटं. त्यात तेल. रेशनला मिळतं ते. परमिटवर आठवड्याचं दोन दिवसांत संपतं, मग काळ्या बाजारात. हेच तर लिहितोय इतकी वर्षं.

मग तो उठला, पाणी प्यायला आणि पिशवी तिथंच ठेवून बाजारात गेला.

आसावरीनं कपाटातली फाइल काढली. देवाप्पाची एकतीस पत्रं होती. 'तेलाचे भाव वाढल्यामुळे.' 'तेल वेळेवर मिळत नसल्यामुळे.' 'दोणीच्या तेलास सवलत मिळावी.' एकतीस पत्रांत रॉकेल हा शब्द कुठंच नव्हता, घासलेटही नव्हता. किनाऱ्यावर दोणीत जे घालतात ते तेल. त्याला दुसरं नाव द्यायची कुणाला गरजच पडली नव्हती. आणि आसावरीच्या घरी तीन पिढ्या रॉकेलला कन्नडातलं सीमेएण्णे म्हणत. तेल म्हणजे फोडणीचं. त्यामुळे पहिल्या पत्रात तेल हा शब्द आला तेव्हा ती अडली होती. अडली की अंदाज करायचा नाही, विचारायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं विचारलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच नीटस अक्षरात शब्दांची यादी होती, आणि यादीत पाचवी ओळ होती: तेल = डिझेल, विचारले, वासुदेवअण्णा.

कच्च्या तेलापासून रॉकेल कुठल्या तापमानाला वेगळं होतं आणि डिझेल कुठल्या, हे तिनं परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. दहापैकी नऊ गुण पडले होते.

मग तिनं उत्तरं वाचली. आधी शंभरदा वाचलेलीच होती, पण आता ती वेगळी दिसायला लागली. दर उत्तरात मंत्रालय यांत्रिक नौकांविषयी बोलत होतं, ठरावीक लांबीच्या वरच्या. तेव्हा तिला ते सरकारी टोलवाटोलवीचं वाटलं होतं. ती टोलवाटोलवी नव्हती. विचारलं होतं त्याचंच ते नेमकं उत्तर होतं. अकराव्या प्रश्नानंतर डिझेलवर काही सवलत मिळालीही होती, आणि त्या दिवशी वासुदेवरावांनी कचेरीत म्हैसूरपाक वाटला होता. सवलत ट्रॉलरवाल्यांना गेली होती. आणि चौदा म्हणजे चौदाच. शेवटचं अधिवेशन संपलं होतं, पंधरावा विचारायला लोकसभाच उरली नव्हती.

ती वही घेऊन आतल्या खोलीत गेली. वासुदेवराव दोन फोनांच्या मधे बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, वहीतली ओळ पाहिली, आपलं नाव पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी सांगितलं असेन," ते म्हणाले. "बोटीला काय घालतात विचारलंस, मी डिझेल म्हटलं. मी कुठं बोट पाहिलीय, लालबागच्या तळ्यात सुद्धा बसलो नाही कधी."

दुरुस्तीचं काही करता येईल का, असं तिनं विचारलं. सभागृहाच्या कामकाजात छापून गेलेला प्रश्न बदलता येत नाही, हे तिलाही माहीत होतं; तरी विचारलं. वासुदेवरावांनी मान हलवली. साहेबांना सांगायचं का? सांगू शकतो, ते म्हणाले. काय सांगायचं पण? की तुम्ही पाच वर्षं दुसऱ्याच्याच इंजिनात तेल ओतलंत? साहेब रोज चार सभा घेताहेत आणि दर सभेत चौदा म्हणताहेत. उद्या ते समोरच्याच्या हाती लागलं तर साहेब जातील, आपली ही कचेरी जाईल, आणि त्या देवाप्पाच्या तेलाला पुन्हा विचारणारं कुणी राहणार नाही.

मग त्यांनी मुद्रितं पुढं ओढली. छापील मराठी त्यांना अक्षरं जुळवत वाचता येई, जरा सावकाश. डिझेल, डिझेल, डिझेल, असं बोट फिरवत ते खाली गेले.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "ती माणसं याला काय म्हणतात?"

"तेल."

"मग तेल लिही ना. सगळीकडे. इंग्रजीत डिझेल असू दे, तिकडं इंग्रजी कोण वाचतंय. डिझेल हेसुद्धा तेलच की. यात खोटं कुठं आहे, तूच दाखव."

ती दाखवू शकली नाही. तेच तर वाईट होतं. ज्या शब्दानं ती घसरली होती त्याच शब्दात आता सगळं झाकून जात होतं. ट्रॉलरवाला वाचील तेव्हा त्याला त्याचं तेल दिसेल, दोणीवाला वाचील तेव्हा त्याला त्याचं. वासुदेवराव वाईट माणूस नव्हते. तिच्या वडिलांचा पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद पडला तेव्हा हेच घरी आले होते, पोरीला माझ्याकडे पाठवा म्हणाले होते. "सरी, ठीक आहे, जा," ते आता म्हणाले, "पाचला माणूस येतोय." आणि त्यांनी फोन उचलला.

आसावरी जागेवर येऊन बसली. देवाप्पाची पिशवी टेबलाखाली होती. खिडकी उघडी होती तरी वास खोलीतच होता. तिनं पेन्सिल घेतली आणि पहिल्या मुद्रितातल्या डिझेलवर काट मारली. मग खोडरबरानं काट पुसली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली. कागद तेवढ्या जागी पातळ झाला. जेवणाचा डबा तिनं उघडलाच नाही. एकदा वाटलं, देवाप्पा यायच्या आत निघून जावं, डोकं दुखतंय सांगावं. पण मग वाचून कोण दाखवणार? वासुदेवराव. आणि ते तेल म्हणणार.

चारला दहा मिनिटं कमी असताना देवाप्पा आला. इंजिनाचा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं मांडीवर घेतला होता, मांजराचं पिलू घ्यावं तसा. वाच म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

तिनं लोकसभेची मूळ छापील पानं समोर घेतली, इंग्रजी, आणि त्यातून मराठीत सांगू लागली. पहिला प्रश्न: किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना तेलाच्या भाववाढीची झळ बसते हे सरकारला ठाऊक आहे काय. देवाप्पानं मान डोलावली. दुसरा प्रश्न: असल्यास, तेलावर सवलत देण्याचा सरकारचा विचार आहे काय. पुन्हा मान. तिसऱ्यात त्याच्याच पत्रातलं वाक्य जवळजवळ तसंच होतं. त्यानं ते ओळखलं आणि डोळे न उघडता हसला. प्रत्येक वेळी तेल म्हणताना तिला कुठलंच असत्य बोलावं लागत नव्हतं, तरी प्रत्येक वेळी ती पान जरा स्वतःकडे ओढून घेत होती. अकरावा आला. सवलत देण्यात आली आहे, असं उत्तर.

देवाप्पानं डोळे उघडले.

"दिली? कधीपासून? मग आमच्या परमिटावर का चढत नाही?"

तिनं पानाकडे पाहिलं. आतल्या खोलीत वासुदेवरावांचं फोनवरचं बोलणं चाललं होतं.

"काका," ती म्हणाली, "यात तेल नाही. डिझेल आहे. चौदाही प्रश्नांत डिझेल आहे. तुमचं तेल म्हणजे कुठलं ते मला कळलं नाही. मी लिहिलं ते. साहेबांनी नुसती सही केली."

देवाप्पानं मांडीवरचा भाग बाकावर ठेवला, मग परत उचलला. ती वाट पाहत होती की तो आरडाओरडा करील, आत जाईल, साहेबांना फोन लाव म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मुद्रितांचं काय करायचं ते ठरलं असतं.

"डिझेल घातलं तर आमचं इंजिन बसतं," तो शेवटी म्हणाला. तिला सांगत नव्हता, नुसतं म्हणाला. मग टेबलावरच्या मराठी मुद्रितांकडे बोट करून त्यानं विचारलं, गावात वाटणार ते हेच का, आणि यात काय लिहिलंय.

आता तरी डिझेलच आहे, तिनं सांगितलं. तेल करा असं वरून सांगितलंय. तुम्ही म्हणाल तर मी करणार नाही. तसंच पाठवीन.

"तेल कर," देवाप्पा म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पत्राखाली एकशेसाठ सह्या आहेत, बाय. प्रत्येकाच्या दारात उभा राहून घेतल्यात. साहेब विचारतोय, दिल्लीत विचारतोय, असं पाच वर्षं मी सांगतोय. आता जाऊन काय सांगू, ट्रॉलरवाल्यांसाठी विचारत होता? माझ्या हातानं? पुढच्या पत्रावर कोण सही करील?" तो थांबला. "समोरचा उमेदवार तर ट्रॉलरवाल्यांचाच आहे. तेल कर."

आसावरीनं दिवसभर एकच धरून ठेवलं होतं. ज्याचं नुकसान झालं त्याला खरं सांगितलं की पुढचं तो ठरवील. त्यानं ठरवलं होतं.

देवाप्पानं खिशातून घडी घातलेलं पोस्टकार्ड काढलं. "त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते लिहून दे. मोठ्या अक्षरात. पुढच्या पत्रात मीच घालीन, मग पुढचा कुणी चुकायला नको."

तिनं केरोसीन हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिला. त्यानं तिचं पेन मागून घेतलं आणि खाली तो पाहून पाहून काढला, जाळ्याचा फाटका भाग विणावा तसा एकेक अक्षर जोडत. मधलं एक अक्षर उलटं आलं, त्याच्या वेलांटीसारखं. तिनं ते दाखवलं. त्यानं खोडून पुन्हा काढलं, आणि ते पुन्हा उलटंच आलं.

पिशवी घेऊन तो जिना उतरला. पाचला छापखान्याचा माणूस आला आणि दारात उभा राहिला. आसावरीनं त्याला बसायला सांगितलं आणि पेन्सिल बाजूला ठेवून शाईचं पेन घेतलं. पहिल्या ओळीत कागद पातळ झाला होता; तिथं शाई पसरली, म्हणून तिनं शब्द समासात लिहिला. मग दुसरा. वास अजून गेला नव्हता. चौदा जागा होत्या. दर जागेवर तिनं तेल लिहिलं, आणि शेवटी सवयीनं एकदा मोजून पाहिलं.