पातळ थर

१९०८ सालचा श्रावण होता. चर्चचे चित्र ओल्या हवेत रात्रभर ठेवल्यावर कसेबसे वाळले, तेव्हा साठी उलटलेल्या लालासाब चिताऱ्यांना आनंद झाला नाही. नुसते बसून राहावेसे वाटले. पाद्रीसाहेब सोमवारी कायमचे विलायतेला निघणार होते. चित्र त्यांना सोबत हवे होते, आणि पाहून त्यांनी ते पसंतही केले होते.

त्या चर्चचा घंटेचा मनोरा तीस वर्षांपूर्वी गणपतराव गवंड्यांनी रचला होता. दगडाच्या भुकटीने त्यांची छाती गेली होती. वर्षभर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. "एकदा दाव की मला," असा त्यांचा निरोप आला, म्हणून लालासाब चित्र घेऊन गेले.

सून तानाबाईने म्हाताऱ्याला टेकवून बसवले. कागदाला न शिवता त्यांचे बोट मनोऱ्यावरून खाली सरकले.

"खिडकीखाली थर किती काढलास?"

"आठ."

"आठच हायती. पर तिसरा पातळ हाय. दगड कमी पडला, तवा वीतभराचा थर चार बोटांवर आणला मी. तुज्यात समदं सारखंच."

"मामंजी, बोलू नगा, धाप लागतीया," तानाबाई म्हणाली.

"लागू दे. ह्ये चर्च दुसऱ्याच कुणी बांधल्यागत दिसतंय."

"ह्यो रंग खोडता येत न्हाय, गणपतराव," लालासाब थकून म्हणाले. "समदं पुन्यांदा काढावं लागंल. आन् सायेब काय थर मोजत बसणार न्हाय."

"व्हय. त्यो कशाला मोजतोय?" म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

लालासाब परत चर्चसमोर गेले. तिसरा थर खरोखरच पातळ होता. तीन आठवडे तिथे बसून त्यांनी वरचे दोन थर पाहिले होते आणि आठ काढले होते. दमलेल्या हाताला सारख्या रेघा सोप्या जातात. घरी चांगला कागद एकच उरला होता. दोन दिवस छत्री काठीला बांधून, पाठ धरून येईपर्यंत, ते पुन्हा तेच रंगवत राहिले.

रविवारी दुपारी गणपतरावांचे बोट तिसऱ्या थराशी थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"हां," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "खिडकीची डावी कड बी भाईर आलीया तिथं. माजीच चूक."

लालासाबांचा चेहरा उतरला.

"न्हाय सांगत आता, गड्या. जा, झोप जा."

पण रंगाला ओल होती; चित्र गुंडाळता येईना. लालासाब तिथेच भिंतीला टेकले, आणि दोघे म्हातारे ते वाळण्याची वाट पाहत राहिले.