काहीच न केलेली गल्ली

हवालदारानं शिडीवर उभं राहून नवा दिवा बसवला, तोच खालून आवाज आला.

"हवालदार, तो काढा."

खाली विद्यापीठातल्या संशोधक बाई उभ्या होत्या.

"बाई, जुना जळालाय."

"जळू द्या. ही अकरा नंबरची गल्ली आहे. इथे काही करायचं नाही."

पोलीस, विद्यापीठ आणि नागरिक यांनी मिळून गुन्हे रोखण्याचा उपक्रम हाती घेतला होता. त्यासाठी शेजारच्या दोन गल्ल्या निवडल्या होत्या. सात नंबरात नवे दिवे, रहिवाशांना शिट्ट्या, दर शनिवारी बैठक आणि रोज दोनदा गस्त. अकरा नंबरात काहीच नाही. सात नंबरात फरक पडला हे सिद्ध करायचं, तर अकरा नंबर होती तशीच राहायला हवी होती. ही गोष्ट बैठकीत सगळ्यांना पटली होती. बैठकीला अकरा नंबरचं कोणी नव्हतं.

अकरा नंबरात हवालदाराच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. वर्षभरात ते दोनदा फोडलं गेलं होतं, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकांचे कपडे गेले होते.

"तिसऱ्यांदा झालं, की मशीन विकून लेकाकडे जाते," ती म्हणाली होती. "सुनेच्या घरात भाजी निवडत बसेन."

ती बोलते ते करते, हे हवालदाराला लहानपणापासून ठाऊक होतं. सून कशी आहे, हेही ठाऊक होतं.

त्यानं दिवा काढून खिशात टाकला, शिडी खांद्यावर घेतली आणि बहिणीच्या दारात जाऊन सांगितलं, "ताई, इथे काही करायचं नाही असा हुकूम आहे."

"संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर काय करतोस?"

"काही नाही."

"मग तेच इथे येऊन कर."

दुसऱ्या दिवसापासून तो साध्या कपड्यांत दुकानाच्या पायरीवर बसू लागला. नुसतं बसलेलं बहिणीला खपत नसे, म्हणून ती त्याच्या मांडीवर शर्ट टाकायची आणि तो बटणं लावायचा. एका संध्याकाळी दोन ओळखीचे चेहरे गल्लीत वळले. कोठडीत दोघांनी त्याच्या हातचा चहा घेतला होता.

"साहेब, तुम्ही इथे?"

"बटण तुटलंय का कोणाचं?"

दोघांनी आपापले शर्ट चाचपून पाहिले, नाही म्हणाले आणि आल्या वाटेनं परत गेले.

सहा महिन्यांनी ठाण्यात निष्कर्ष वाचून दाखवले गेले. सात नंबरात चोऱ्या नवावरून पाचावर आल्या होत्या. अकरा नंबरात आठावरून शून्यावर. संशोधक बाईंनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. तो शून्यच होता.

निरीक्षकसाहेब निर्णय लांबणीवर टाकणाऱ्यांतले नव्हते.

"म्हणजे काही न केलेलं जास्त परिणामकारक ठरलं. एक तारखेपासून सगळीकडे तेच करू."

"आमचे दिवे काढणार?" सात नंबरातल्या औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी होती.

"अभ्यासातून सिद्ध झालंय, बाई."

मागच्या रांगेत हवालदार उभा राहिला. कानउघाडणी होणार, कदाचित बदलीही, हे धरूनच तो उठला होता.

"साहेब, अकरा नंबरात मी बसतो. रोज संध्याकाळी. बहिणीच्या दुकानावर."

संशोधक बाईंनी घाईनं पेन उघडलं. "ड्यूटीवर असता?"

"नाही. सुटल्यावर."

"मग ती गस्त नाही. तुम्ही त्या गल्लीचे रहिवासी आहात?"

"नाही."

त्यांनी तक्त्यावरून बोट वरून खाली नेलं, मग डावीकडून उजवीकडे. "तुम्ही कुठल्याच रकान्यात येत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"घरगुती बाबी इथे नकोत," साहेब म्हणाले. हवालदार खाली बसला. त्याला कोणी रागावलंसुद्धा नाही.

एक तारखेला सात नंबरातले दिवे उतरवले गेले. चार तारखेला औषधाच्या दुकानवाल्या बाई शिवणकामाच्या दुकानाशी आल्या. त्यांच्या हातात शिवायला द्यायचं काही नव्हतं.

"काल माझ्या शटरचं कुलूप उचकटलं," त्या हवालदाराला म्हणाल्या. "तुम्ही फक्त बहिणीसाठी बसता, असं त्या दिवशी ऐकलं."

"हो."



"मला भाऊ नाही," बाई म्हणाल्या.

हवालदारानं बहिणीकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा गेला नाही. तिनं त्याचं टोक ओलं करून पुन्हा ओवला.

"एक दिवसाआड पाठवीन," ती मान वर न करता म्हणाली. "चहाला साखर कमी लागते त्याला. आणि रिकामा बसवू नका."