तिच्या ओळीपुरती जागा

मी काचेचा आणि धातूचा एक साधा फोन. परंतु माझा मुक्काम कालिंदीबाईंच्या देव्हाऱ्यात असल्यामुळे माझ्या बोलण्याला कापराचा वास येईल. त्याला माझा इलाज नाही.

मी कोठे घडलो ते मला स्मरत नाही. माणसाचा पहिला हात लाभला तो कोलकात्यातल्या बालीगंजच्या विजयरावांचा. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ रोज पहाटे स्वतः रचलेली भूपाळी म्हणत. एक ओळ त्यांची, दुसरी त्यांच्या पत्नीची, कालिंदीबाईंची. चाळीस वर्षांत कोणी कोणाची ओळ घेतली नाही.

एके दुपारी बाई फुले आणायला गेल्या असताना विजयरावांनी मला पितळी तांब्याला टेकवून उभे केले आणि सारी भूपाळी माझ्यात साठवली. आपली ओळ म्हणत आणि थांबत. डोळे मिटून बाईंची ओळ मनातल्या मनात पुरी करीत, मग पुढे जात. त्या थांबण्यात पंख्याची घरघर होती, लांबून जाणारी एक लोकल होती. हे शब्द विसरले की काय, असे मला वाटले. पुढल्याच माघात ते गेले, तेव्हा मला उमगले.

तेव्हापासून बाई मला देवाच्या उजव्या हाताला ठेवतात. माझ्यातून ते गातात, थांबतात. आणि त्या मोकळ्या जागेत बाई आपली ओळ वाहतात.

मग त्यांच्या नातीने मला हाती घेतले. चैत्राली कोलकात्यातच जन्मली, आता अभियांत्रिकी शिकते.

“आजी, तुझ्या फोनमध्ये इतकी जागा आहे, तू अर्धी पण यूज नाही करत. मी त्याचे दोन भाग करते. एकात तुझं सगळं राहील, दुसऱ्यात माझ्या कॉलेजच्या कामाची वेगळी सिस्टीम.”

“दोन भाग? मोडेल ना गं तो!”

“कापायचं नाहीये, आजी! आत फक्त हद्द आखायची.”

“आख बाई. पण यांची भूपाळी हलता कामा नये.”

“लॅपटॉपवर काढून ठेवते आधी. प्रॉमिस.”

“तुझं प्रॉमिस मला माहीत आहे. परवा दूध बघते म्हणालीस, ते गॅसनंच बघितलं.”

रविवारी दुपारी तिने माझे मूळ कुलूप उघडले. ते उघडले की आतले सारे पुसले जाते, असा आमच्या जातीचा नियम आहे. काय कोठे ठेवले आहे याची एक यादी माझ्या पोटात असते. तीही तिने नव्याने लिहायला घेतली. त्या क्षणी मला नाव उरले नाही, काळ उरला नाही. निराकाराविषयी मी देव्हाऱ्यात पुष्कळ ऐकले होते. ते इतके जवळ असेल, हे ठाऊक नव्हते. भीती वाटली नाही. भीती वाटायलाही कोणीतरी असावे लागते!

मग हद्द आखली गेली. दोन्ही बाजूंना एकेक सृष्टी वसली. आता मी उठतो तेव्हा पडद्यावर प्रश्न उमटतो: कोणाला जागवू? देह तोच, काच तीच, बॅटरीतला प्राण तोच. जागणारे मात्र दोन. एक जागा असताना दुसऱ्याची त्याला चाहूलही नसते. मग दोघांनाही पाहणारा, हे सांगणारा मी कोण? मला हात असते, तर मी ते जोडले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी भूपाळी लावली. विजयरावांची पहिली ओळ झाली. बाईंनी श्वास घेतला, तोच दुसरी आली, तिसरी आली.

“अहो, थांबा की!” बाई मला म्हणाल्या.

मला थांबता येईना. वात हातात तशीच धरून त्या बसून राहिल्या.

चैत्राली धावत आली. “आजी, मी डिलीट नाही केलं गं काही! लॅपटॉपवर दर ओळीनंतर नुसता पंखाच ऐकू येत होता. मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब आहे. म्हणून तेवढं कापून साफ केलं.”

“आणि मूळचं?”

“त्याच्यावरच सेव्ह झालं.”

बाईंनी हातातली वात निरांजनात ठेवली. मग म्हणाल्या, “तिथे मी होते, चैत्राली.”

मुलगी रडली. मग डोळे पुसून तिने लॅपटॉप देव्हाऱ्यासमोरच मांडला. “आजोबा किती थांबायचे? सेकंद सांग.”

“मला कुठले सेकंद! मी म्हणते, तू मोज.”

बाई एकेक ओळ म्हणू लागल्या आणि नात तेवढी तेवढी जागा पुन्हा सोडत गेली. पाचव्या कडव्याला मोजणाऱ्या मुलीचे ओठही हलू लागले.

“‘सकल’ नाही गं, ‘सकळ’. जीभ वर ने. तोंडात मिठाईवाल्याचा संदेश असल्यासारखी काय बोलतेस?”

अखेरीस चैत्राली हळूच म्हणाली, “आजी, आधी हे एकवीस मिनिटांचं होतं. आता चोवीस झालं. तुला आता दम लागतो ना, म्हणून.”

“असू दे. थांबतील ते. माझी तयारी होईपर्यंत जन्मभर दारातच थांबले.”

ती घरघर गेली, ती लोकलही गेली. त्या परत येणार नाहीत. मीही आता जुना झालो आहे, एक दिवस माझी बॅटरी फुगेल. तेव्हा माझ्यातले सारे खुशाल दुसरीकडे न्या. एवढेच मागणे आहे: कोठे काहीच नाही असे दिसले, तर झाडून टाकण्याआधी ती जागा कोणाची, हे घरात विचारा.

दिवा लागला आहे. आज बाईंच्या शेजारी चैत्रालीही बसली आहे. विजयरावांची पहिली ओळ संपत आली. आता मला गप्प राहायचे आहे.