ऑर्व्हिलच्या चाकूला सोबत

डेल्फिया रकरला नवऱ्याच्या चाकूची जन्मभर किळस वाटली. ऑर्व्हिल सकाळी त्या चाकूने डुकराची पिल्लं खच्ची करायचा, पातं विजारीला पुसायचा आणि दुपारी त्यानेच सफरचंद सोलून तिच्यापुढे फोड धरायचा. "धू तरी आधी, मेल्या," ती म्हणायची. मग तो फोड स्वतःच्याच तोंडात टाकायचा आणि हसायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. घरात त्याच्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू उरल्या, मासे धरायची काठी आणि हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, वापरून वापरून बारीक झालेला घडीचा चाकू.

तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकटा ठेवताना तिला कसंसंच झालं. त्याला सोबत हवी, असं तिच्या मनाने घेतलं. बाई चाकू जमवायला निघाली ती अशी.

बेकर्स गॅप गावचे चाकूवाले शनिवारी कोर्टासमोरच्या ओकच्या झाडाखाली बाकावर बसतात. एकमेकांचे चाकू उघडतात, उन्हात धरतात, मिटतात, अदलाबदल करतात आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात मारतात. निम्म्या बाहेरच पडतात. त्यांचा म्होरक्या म्हणजे तिचा धाकटा दीर हॉबर्ट. त्याच्या कपाटात काचेमागे नवेकोरे चाकू रांगेने मांडलेले. एकाने आजवर साधी सुतळी कापली असेल तर शपथ. बापाचा तो हाडाच्या मुठीचा चाकू मात्र थोरल्याला, ऑर्व्हिलला मिळाला, ते काही त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"वहिनी, सुरुवात करायची तर देखण्या चाकूने करावी," हॉबर्ट म्हणाला आणि लाल-पांढऱ्या लाटांच्या चकचकीत मुठीचा एक चाकू त्याने तिच्या हातावर ठेवला. "मूठ सेल्युलॉइडची आहे, जुन्या काळचं प्लास्टिक. घरी डब्यात दादाच्या चाकूशेजारीच ठेवा. झाकण घट्ट लावा, हवा लागू देऊ नका."

कुठे आणि कसा ठेवायचा, ते तो तिच्या कानाशी वाकून बोलला. बदल्यात ऑर्व्हिलची मासे धरायची काठी घेतली. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते. बाईमाणूस आलं म्हणून संकोचले असतील, असं तिला वाटलं.

सफरचंदं उतरायच्या दिवसांत तिने डबा उघडला आणि नाक दाबून तोंड फिरवलं. कापरात व्हिनेगर ओतल्यासारखा भपकारा होता. देखण्या चाकूची मूठ घामेजली होती, तिला चिकट पिवळा द्राव सुटला होता, बोट लावलं तर तार आली. शी! शेजारी ऑर्व्हिलचा चाकू होता. मुठीतलं पितळ हिरवं पडलेलं, पाती तांबडी, खवले धरलेली. मोठं पातं उघडता उघडेना. ती तिथेच जमिनीवर बसून रडली.

शनिवारी तिने डबा तसाच्या तसा नेऊन बाकावर ठेवला. खारवलेलं डुकराचं मांस विकणारा म्हातारा वेंडेल वासानेच मागे सरकला.

"सडलाय सेल्युलॉइड," तो म्हणाला. "त्यातून आम्लाची वाफ सुटते, ती शेजारचं लोखंड खाते. म्हणून आम्ही असला चाकू वेगळा, उघड्यावर ठेवतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

वेंडेलने पिचकारी मारली. "नव्या माणसाला एक सडका द्यायचाच असतो, डेल्फिया. इथली रीत आहे. मलाही दिला होता."

हॉबर्टला हसू आवरेना. "फी भरली समजा, वहिनी. पुसा आणि पुढच्या नव्याच्या गळ्यात मारा."

"बंद डब्यात, ह्यांच्या चाकूशेजारी ठेवा, हेही रीतीतलंच का भाऊजी?"

बाकावरचं हसणं थांबलं. हे हॉबर्टखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"झिजलेलाच तर होता," हॉबर्ट म्हणाला. "काय अडलं होतं त्याच्यावाचून."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून तंबाखूचा तपकिरी ओघळ हनुवटीवर आला होता. डब्यातला द्राव आणि हा ओघळ, डेल्फियाला दोन्हींची सारखीच शिसारी आली. या माणसाला आपण वर्षानुवर्षं दर नाताळाला पानात वाढलं, असं तिच्या मनात आलं.

सडका चाकू तिने संडासाच्या खड्ड्यात टाकला. ऑर्व्हिलचा आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आणि मग धारेच्या दगडावर धरला. जमवणारे जुन्या पात्याला दगड लावत नाहीत. लावला की त्यांच्या लेखी तो चाकू मेला. मरू दे, ती म्हणाली आणि घासत राहिली.

पुढल्या शनिवारी ती हॉबर्टच्या शेजारी जाऊन बसली. पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहिले होते, पण धार लागली होती. तिने ते स्कर्टला पुसलं, सफरचंद सोललं आणि फोड पात्याच्या टोकावर धरून हॉबर्टच्या तोंडासमोर नेली.

"घ्या भाऊजी."

हॉबर्टने मान मागे घेतली. "गंजलंय ते, वहिनी. किळस येते."

"डुकरं खच्ची केलेल्या या पात्यावरची फोड तुम्ही तुमच्या दादाकडून मागून खायचात," ती म्हणाली. "त्यानंतर याला फक्त तुम्ही दिलेल्या चाकूची सडच लागलीय."

वेंडेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. हॉबर्टने आपले चाकू गुंडाळले, काखेत मारले आणि गाडीकडे गेला.

डेल्फियाने फोड स्वतःच्या तोंडात टाकली. तिला लोखंडाची चव लागली. ऑर्व्हिल होता तोवर तिने त्याच्या पात्यावरची एकही फोड खाल्ली नव्हती.